त्यालाही खेळू द्या



जयंतीला गावी, कशेडीला गेलो होतो. विहारासमोर लेझीमचे पथक रंगात आले होते. वाडीतली झाडून सगळी पोरे त्यात होती. एकच मुलगा, असेल दहा-अकरा वर्षांचा, विहाराच्या पायरीवर बसून होता. मी विचारले, "तू रे का बसलास?" तो म्हणाला, "काका, मला रक्ताचा आजार आहे. लागलं तर रक्त थांबत नाही. आई म्हणते, तू नुसतं बघ." थोडा वेळ गप्प राहून त्याने विचारले, "काका, मी बघतच मोठा होणार का?"

त्या प्रश्नाने मला रात्रभर झोप लागली नाही. म्हणून आजचा लेख त्याच्यावर.

या आजाराचे नाव हिमोफिलिया. आजार दुर्मीळ आहे. सुमारे पाच हजार मुलग्यांमागे एकाला होतो. रक्त गोठण्यासाठी शरीरात जे घटक लागतात, त्यांतला आठव्या क्रमांकाचा घटक, काहींच्यात नववा, जन्मापासून कमी असतो किंवा नसतोच. वरच्या जखमेपेक्षा आतला रक्तस्राव जास्त घातक. गुडघा, घोटा, कोपर यांच्या सांध्यांत रक्त साचते, सूज येते, आणि असे पुन्हा पुन्हा झाले की सांधा कायमचा आखडतो.

दोष आईच्या बाजूने मुलाकडे येतो, हे कळले की घरातली माणसे सुनेला टोचून बोलतात. देवऋषी, अंगारे, उतारे सुरू होतात. बाबासाहेबांनी 22 प्रतिज्ञा देऊनही आपल्या काही घरांतून हे अजून गेलेले नाही. इंग्लंडची राणी व्हिक्टोरिया हिच्या वंशातही हाच आजार होता. तिचा मुलगा लिओपोल्ड 1884 मध्ये पडल्याचे निमित्त होऊन वारला. राजवाड्यात काय कोणाचा शाप लागला होता? शिवाय तीनातल्या एका रुग्णाच्या घराण्यात पूर्वी कोणालाच हा आजार नसतो. यात आईचा गुन्हा काहीच नाही.

आता मुख्य मुद्दा खेळाचा. पूर्वी डॉक्टरसुद्धा सांगत, मुलाला जपा, हलू देऊ नका. आता वैद्यकशास्त्र उलट सांगते. स्नायू बळकट असले की सांध्याला आधार मिळतो आणि रक्तस्राव कमी होतो. नुसते बसून राहिले की स्नायू सुकतात, वजन वाढते आणि सांधे अधिकच बिघडतात. म्हणजे योग्य खेळ हा या मुलांच्या औषधाचाच भाग आहे. कबड्डी, कुस्ती, बॉक्सिंग नको. चालणे, पोहणे चांगले. सायकल, बॅडमिंटन, टेबल टेनिस डॉक्टरांना विचारून. घरात कॅरम, बुद्धिबळ आहेच.

इंग्लंडचा ॲलेक्स डाऊसेट याला तीव्र हिमोफिलिया. लहानपणी त्याला पोहायला घातले, पुढे तो सायकलकडे वळला. नियमित घटकाची इंजेक्शने घेत घेत त्याने 2 मे 2015 रोजी मँचेस्टरला एका तासात 52.937 किलोमीटर सायकल चालवून त्या वेळचा जागतिक विक्रम केला. आपल्या मुलाने विक्रमच केला पाहिजे असे नाही. पण पायरीवरून उठायला काय हरकत आहे?

पोहणे तर या मुलांना फारच चांगले. पाणी अंगाचा भार उचलते, सांध्याला दणका बसत नाही. 20 मार्च 1927 ला पाण्याच्या हक्कासाठी बाबासाहेब ज्या महाडात उभे राहिले, त्या महाड-पोलादपूरच्या लेकराला आपण पाण्यापासून दूर ठेवावे, हे मनाला पटत नाही. मात्र पावसाळ्यात नदीचे नावसुद्धा नको. 2 ऑगस्ट 2016 ला सावित्रीने महाडचा पूल वाहून नेला, तिचा जोर आपण जाणतो. उन्हाळ्यात, निसरडे दगड नसतील अशा ठिकाणी, कंबरभर पाण्यात आणि पट्टीचा पोहणारा माणूस सोबत असतानाच उतरावे.

काही गोष्टी पालकांनी लिहून ठेवाव्यात. सांधा सुजला की खेळ बंद. तो सांधा हलवू नये, फडक्यात गुंडाळून बर्फ लावावा, बेताने पट्टी बांधावी, पाय उंच ठेवावा आणि लगेच दवाखाना गाठावा. तेल लावून चोळू नये, हाडवैद्याकडे नेऊ नये. ॲस्पिरिन देऊ नये. दंडात किंवा कमरेत इंजेक्शन देण्याआधी आजार सांगावा. वर्गशिक्षकांना आणि मुलाच्या दोन मित्रांनाही सांगून ठेवावे. एका शाळेने तर "जबाबदारी नको" म्हणून अशा मुलाला सहलीलाच नेले नाही. लपवल्याने भीती वाढते, सांगितल्याने सोबती मिळतात.

मुंबईत केईएम रुग्णालयाच्या आवारात या आजाराची तपासणी करणारी राष्ट्रीय संस्था आहे. अशोक बहादूर वर्मा यांना स्वतःला हा आजार होता. त्यांनी 1983 मध्ये रुग्णांचा देशव्यापी संघ उभा केला. 2016 च्या अपंग हक्क कायद्यातही हिमोफिलियाचा समावेश आहे, तेव्हा प्रमाणपत्रासाठी अर्ज करावा. 2021 च्या जुलैत तळियेची दरड कोसळली तेव्हा आपल्या भागातले रस्ते कसे तुटले ते आठवा. म्हणून पावसाळ्यापूर्वीच डॉक्टरांना विचारून घटकाची सोय जवळ कुठे होईल ते ठरवून ठेवावे.

आणि ज्याला मैदान झेपत नाही, त्याला पेटी द्या, रंग द्या, बासरी द्या. मधुमेहाने आणि पायांच्या दुखण्याने बेजार असतानाही बाबासाहेब व्हायोलिन शिकत होते. एवढ्या कामाच्या माणसाला छंदासाठी वेळ मिळाला, तर आपल्याला का नाही?

तथागतांनी सोण नावाच्या भिक्खूला वीणेचा दाखला दिला होता. तार फार ताणली तर सूर लागत नाही, सैल सोडली तरी लागत नाही. मूल सांभाळतानाही हाच मध्यम मार्ग.

निघायच्या दिवशी त्या मुलाच्या घरी गेलो. त्याच्या आईशी बोललो. ती माउली म्हणाली, "भावोजी, तो पडला तर रात्री-अपरात्री मला एकटीला पळावं लागतं." खरे आहे. तिची भीती खोटी नाही, आणि तिच्यासोबत पळायला वाडी तयार नसेल तर माझ्या या लेखाला अर्थ नाही. मंडळाच्या पोरांनी तिथेच शब्द दिला की रात्री केव्हाही गाडी काढू. मग ती म्हणाली, "डॉक्टरांना विचारते. ते हो म्हणाले तर पुढच्या वर्षी पेटीवर बसवा त्याला. गाण्यात तरी येऊ दे."

17 एप्रिल हा जागतिक हिमोफिलिया दिन, जयंतीनंतर तिसऱ्या दिवशी येतो. पुढच्या वर्षी जयंतीच्या कार्यक्रमात या आजाराची माहिती द्यायला पाच मिनिटे ठेवा. तुमच्याही वाडीत कोणी पायरीवर बसलेला असेल.

जयभीम!