डबा बंद, पण वाट मोकळी



मागच्या उन्हाळ्यात आमच्या वस्तीतील एक मुलगा आम्हाला हाताला धरून घरी घेऊन गेला. आयटीआयचा इलेक्ट्रिशियन आहे. आई भाजीची हातगाडी ढकलते, तिचे गुडघे गेले म्हणून पोराने जुन्या सायकलरिक्षाच्या सांगाड्यावर मोटार बसवून बॅटरीची तीनचाकी करायला घेतली आहे. कॉटखालचा पत्र्याचा डबा ओढून तो म्हणाला, "पाहा काकाजी, पुरा सील केला. पाण्याचा थेंब जात नाई आतमध्ये."

कौतुक वाटले, आणि पोटात गोळाही आला. याच यवतमाळ जिल्ह्यातील महागाव तालुक्यातल्या फुलसावंगीचा तरुण आम्हाला आठवला. जेमतेम आठवी शिकलेला, वेल्डिंगचे काम करणारा. त्याने स्वतःच्या हाताने हेलिकॉप्टर बनविले. ऑगस्ट २०२१ मध्ये चाचणी घेताना पाते तुटले, डोक्याला लागले आणि तो गेला. बुद्धी कमी नव्हती. शेजारी उभे राहून "थांब, आधी हे तपास" म्हणणारा जाणकार त्याला मिळाला असता तर? हा प्रश्न आमच्या मनातून अजून जात नाही. म्हणून आम्ही कारखान्यातून निवृत्त झालेल्या एका वायरमन मित्राला त्या मुलाच्या घरी नेले. त्याने जे दाखविले ते इथे लिहितो, कारण असे डबे आता अनेक घरांत बनू लागले आहेत.

मुलाने लिथियम आयर्न फॉस्फेटचे २४ सेल एकापुढे एक जोडले होते. एक सेल ३.२ व्होल्टचा, म्हणजे सगळे मिळून सुमारे ७७ व्होल्ट. पूर्ण चार्ज झाल्यावर ८७ च्या वर. डीसी वीज ६० व्होल्टच्या पुढे गेली की वाहनांच्या नियमांत ती धोक्याची धरतात. ई-रिक्षाच्या ४८ व्होल्टवर हात बसलेल्या माणसाला हा फरक डोळ्यांनी दिसत नाही. शिवाय स्कूटरची १२ व्होल्टची बॅटरी एका टोकाने सांगाड्याला जोडलेली असते. इथे तसे मुळीच चालत नाही. दोन्ही टोके लोखंडापासून वेगळी हवीत. नाहीतर ओल्या हाताने गाडी धरणाऱ्या आईलाच झटका बसायचा. मुलाने घरातला एमसीबी लावला होता. मित्राने तो काढायला लावला. घरची एसी वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, म्हणून ठिणगी विझते. डीसीची ठिणगी जळतच राहते. तिला डीसीसाठीच बनविलेला फ्यूज लागतो. आणि डब्याच्या मधोमध काढता येणारा एक जोड ठेवायचा. तो उपसला की बारा-बारा सेलचे दोन भाग होतात, कोणताही भाग ४४ व्होल्टच्या वर जात नाही, आणि मगच आत पाना घालायचा. हातातली अंगठी, कडे आधी काढायचे.

पण मित्र खरा दचकला तो झाकण उघडल्यावर. पाणी जाऊ नये म्हणून पोराने सेलच्या डोक्यावर सिलिकॉन ओतले होते. प्रत्येक सेलच्या माथ्यावर दोन टोकांच्या मध्ये एक पातळ झडप असते. सेल बिघडून तापला की आतला वायू तिथूनच बाहेर पडतो. तीच वाट बुजविली होती, वरून डबाही गच्च! हा वायू पेट घेणारा असतो. असा डबा म्हणजे सुतळी बॉम्बच की.

मग पाणी कसे अडवायचे? डबा बंदच हवा, पण त्याला श्वास हवा. हवा जाऊ देणारी आणि पाणी अडविणारी पडद्याची झडप मिळते, ती बसवायची. ती नसेल तर दिवसा डबा तापतो, संध्याकाळी थंड होताना वायरच्या फटीतून दमट हवा आत ओढतो आणि आतच दव धरते. बिघाडाचा वायू मोठ्या प्रमाणात निघाला तर त्याला वेगळी, मोठी वाट हवी, तीही बसणाऱ्याच्या दिशेने नको. (जुन्या शिसे-आम्लाच्या बॅटऱ्या तर चार्ज होताना हायड्रोजन सोडतात, त्यांना बंद डब्यात कोंडूच नये.)

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो. तापलेला सेल लगेच चार्जिंगला लावू नये, आधी निवू द्यावा. प्रत्येक सेलवर नजर ठेवणारे बीएमएस स्वस्तातले घेऊ नये.

सप्टेंबर २०२२ मध्ये वसईत एका घरात रात्री चार्जिंगला लावलेली स्कूटरची बॅटरी फुटली आणि तिथे झोपलेला सात वर्षांचा मुलगा भाजून काही दिवसांनी दगावला. ती तर विकत घेतलेल्या गाडीची बॅटरी होती. त्याच वर्षी डिसेंबरपासून आणि पुढे मार्च २०२३ अखेरपासून सरकारने बॅटरीचे नियम दोन टप्प्यांत कडक केले. ज्या घरात एकच खोली, तिथे चार्जिंगची जागा आणि निजण्याची जागा एकच होते. त्या मुलाची धाकटी बहीण त्याच कॉटवर झोपत होती.

रस्त्यावर आणायचे तर परिवहन कार्यालयाची नोंदणी लागते, आणि पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेच्या तपासणीशिवाय ती मिळत नाही. हे ऐकून पोरगा हिरमुसला. दोन दिवस बोललाच नाही.

तिसऱ्या दिवशी त्याने जोड काढून सेल मोकळे केले. सिलिकॉन खरवडायला लाकडाची पट्टी घेतली, लोखंडाची नाही. डबा आता अंगणात कडुलिंबाच्या सावलीत, विटांवर ठेवला आहे. त्याची आई भाजी निवडता निवडता त्याकडे पाहते आणि विचारते, "बापा, कधी चालन रे ही गाडी?"