अक्षरांचा खेळ आणि नावाचा मान

लग्नपत्रिकेवरचा गणपती हल्ली क्वचितच नुसता गणपती असतो. कोठे 'श्री'च्या वळणाची सोंड होते, कोठे यजमानांचे नावच मूषकावर आरूढ होते. प्रदर्शनांतही आपण नाव सांगावे, की चित्रकार बघता बघता त्यातून गणपती काढून देतो. लोक कौतुक करतात, मीही करतो. पण मग मी ते नाव वाचू पाहतो आणि बहुधा वाचता येत नाही. चित्र उरते, नाव जाते. माझा आक्षेप एवढाच आहे.

जी एकच रेघ वाचायचीही असते आणि पाहायचीही, ती खरी अक्षरचित्राची. कमल शेडगे (१९३५-२०२०) ह्यांनी नाटकांच्या जाहिरातींसाठी रेखाटलेली शीर्षके आठवावीत. नाटकाची प्रकृती अक्षरांतूनच उमगे. तरी नाव वाचताना कोणी अडखळत नसे. र. कृ. जोशी (१९३६-२००८) ह्यांनी अक्षरांशी मनमुराद खेळ केला आणि त्याच हाताने संगणकासाठी 'मंगल' हा शिस्तशीर टंकही घडविला. ज्याला शिस्त ठाऊक, त्यालाच खेळ साधतो.

छापील टंकांतून चेहरा उभा करण्याचा प्रकार मला म्हणूनच अधिक आवडतो. त्यात अक्षर वाकवायचे नाही. ते लहानमोठे करावे, फिरवावे, मांडावे, बस्स. 'ळ'चा आजोबांचा चष्मा होतो, दंडाचे नाक, अनुस्वाराचे कुंकू आणि शिरोरेघेची पगडीची कड. इंग्रजी नमुन्यांची नक्कल येथे कामाची नाही. रोमन अक्षरे पायाच्या रेघेवर उभी राहतात. आपली डोक्यावरच्या रेघेला लोंबतात. मोडी लिहिणारा तर आधी ओळभर रेघ ओढी आणि मग तिच्याखाली अक्षरे लिही.

बडोदेकरांना हे निराळे सांगावयास नको. रस्त्यावरच्या पाट्या गुजराती, त्यांना शिरोरेघ नाही. घरातली पोथी बाळबोध, तिला आहे. आणि जुन्या दप्तरांत मोडी. शिरोरेघ झाकून 'ग' आणि 'म' पाहावेत, गुजराती अक्षरे जवळजवळ समोर येतात. मुलांना दाखविण्यासारखी ही गंमत आहे. १९५० पासून ललितकलेचे शिक्षण देणारी विद्याशाखा ज्या विद्यापीठात आहे, त्याच्या गावात ती कोणी घराघरांत दाखवू नये, हे नवल.

कोणी म्हणेल, खेळच तो, त्यात एवढे काय? आपली मुले इंग्रजी किंवा गुजराती माध्यमात शिकतात. घरी मराठी बोलतात; पण फोनवर तीच मराठी रोमन अक्षरांत लिहितात. त्यांच्या लेखी 'ज्ञ', 'क्ष' ही आधीच निम्मी चित्रे झाली आहेत. अशा वेळी ज्या खेळात अक्षर ओळखावे लागते, तो लिपी राखतो. ज्यात अक्षर गिळले जाते, तो तिला नुसती नक्षी करून सोडतो.

म्हणून मंडळांना माझी एक सूचना आहे. गणेशोत्सवात रांगोळीबरोबर अक्षरचित्रांचीही स्पर्धा ठेवावी आणि नियम एकच असावा: ज्याने ते नाव पूर्वी ऐकलेले नाही, अशा माणसाला ते वाचता आले पाहिजे. चित्र किती सुंदर, हे परीक्षकांनी त्यानंतर पाहावे.