जमीन तिप्पट, छप्पर महाग

मुलाला कॅनडाला शिकायला धाडायचं म्हणून शेत गहाण टाकणारे पालक आता खेड्यांतही भेटू लागले आहेत. फीचा हिशेब सगळे करतात, छपराचा कोणी करत नाही. टोरांटोजवळ येऊन राहिलेला एक नवखा म्हणून त्याबद्दल चार शब्द लिहितो.

वाचकहो, कॅनडाची जमीन भारताच्या तिप्पट. माणसं चार कोटींच्या आसपास, म्हणजे २०११ च्या शिरगणतीतल्या महाराष्ट्राच्या निम्मीही नाहीत. मग इथं घर महाग का? उत्तरेकडचा मुलूख बर्फाचा आणि नोकऱ्या दक्षिणेच्या मोजक्या शहरांत, हे खरं. पण शहरातही जागा आहे. अडतं ते परवानगीपाशी. टोरांटोत निवासी जमिनीच्या मोठ्या भागावर कित्येक दशकं फक्त सुट्या घरालाच परवानगी होती. एका प्लॉटवर चार बिऱ्हाडांची मुभा शहरभर मिळाली ती मे २०२३ मध्ये! गावठाण आणि एन.ए.साठी ज्यांनी कचेरीचे उंबरे झिजवले, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

घरं कमी आणि कर्ज स्वस्त, त्यामुळे भाव चढले. पुढे महागाई आवरायला मध्यवर्ती बँकेने मार्च २०२२ ते जुलै २०२३ या काळात व्याजदर पाव टक्क्यावरून पाच टक्क्यांवर नेला. घराचा भाव उतरला तर हप्ता चढला. त्यानंतर व्याज कमी झालं, काही शहरांत भाडीही नरमली. तरी नव्याने आलेल्याच्या पगाराचा मोठा घास भाडंच खातं.

बोट मात्र आमच्याकडेच दाखवलं जातं. परके आले नि घरं महागली, म्हणे! मागणी वाढली, हे नाकारण्यात अर्थ नाही. २०२४ मध्ये सरकारने विद्यार्थ्यांच्या परवान्यांवर मर्यादा घातली, त्यामागे हेही एक कारण होतं. पण चौघांत एक तळघर वाटून घेणारं पोरगं बंगल्याचा भाव काय वाढवणार? परदेशी मुलांकडून चढी फी घेणाऱ्या अनेक कॉलेजांनी त्यांच्या राहण्याची सोय पाहिली नाही, त्याचा जाब कोण विचारणार? पाहुण्याला आवतण द्यायचं आणि जागा नाही म्हणून त्यालाच बोल लावायचा, ही कुठली रीत?

आता कामाचं. फी आणि प्रवास सोडून वर्षाच्या खर्चासाठी विद्यार्थ्याला पूर्वी १०,००० डॉलर दाखवावे लागत. जानेवारी २०२४ पासून तो आकडा २०,६३५ झाला आणि पुढे आणखी वाढला. म्हणजे जुन्या रकमेत निभाव लागत नव्हता, हे सरकारनेच मान्य केलं. टोरांटो ज्या प्रांतात आहे त्या ओंटारिओत घरमालकाला एका महिन्याच्या भाड्याहून जास्त अनामत कायद्याने मागता येत नाही, आणि ती शेवटच्या महिन्याच्या भाड्यातच वळती होते. सहा महिन्यांचं भाडं आगाऊ मागणारा भेटला तर पोराने हा कायदा पुढे करावा.

तेव्हा सातबाऱ्यावर बोजा चढवण्याआधी एजंटाला फीच्या जोडीला आणखी एक प्रश्न विचारा: पोरगं राहणार कुठं, कितीजणांत आणि किती भाड्यात? उत्तर गुळमुळीत आलं, तर कागदावर सही करू नका.