घर घेताना भिंतीची परीक्षा



घर विकत घ्यायचे ठरले, की वडीलमाणसे काय काय पाहतात हे तुम्हांला ठाऊक असेलच. नळाला पाणी किती वेळ येते, दार कोणत्या दिशेला आहे, फरशी कशी आहे. पण ट्विन बंगला किंवा रो-हाउस घेताना दोन घरांमधली सामाईक भिंत आवाज किती अडवते, हे मात्र सहसा कोणी पाहत नाही. माझ्या मते ही परीक्षा सर्वांत आधी व्हावी. नळ बदलता येतो, फरशीही बदलता येते. सामाईक भिंत एकट्याला बदलता येत नाही, कारण ती शेजाऱ्याचीही असते.

ओळखीच्या एका घरात दहावीचा अभ्यास करणाऱ्या मुलीला पलीकडच्या आजोबांचा खोकला रात्रभर ऐकू येई. तक्रारी झाल्या आणि दोन्ही घरांचे बोलणे बंद झाले. यात आजोबांचा काय दोष? आणि मुलीचा तरी काय? वस्तीत रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे, असे २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम सांगतात. पण खोकल्यावर कोणता नियम चालवणार? दोष होता तो भिंतीचा.

भिंत आवाज अडवते तरी कशी? शेजारच्या रेडिओमुळे हवा थरथरते, ती भिंतीला ढकलते आणि भिंत अगदी सूक्ष्म थरथरून आपल्या खोलीतली हवा हलवते. भिंत जितकी जड, तितकी ती कमी हलते. वजन दुप्पट झाले, तर ध्वनिरोध सुमारे ५ ते ६ डेसिबलने वाढतो. दोन्ही बाजूंनी गिलावा केलेली ९ इंची विटांची भिंत साधारण ५० डेसिबल आवाज अडवते. साडेचार इंची भिंत त्याहून कमी.

पण नुसत्या जाडीवर विसंबू नका. भिंतीचा शंभरावा भाग जरी उघडा राहिला, तरी तिचा रोध २० डेसिबलच्या आसपास घसरतो, मग ती कितीही जाड असो. म्हणून फटी शोधा. विजेच्या बटणांचे डबे दोन्ही बाजूंनी एकाच जागी बसवले आहेत का? छप्पर कौलारू किंवा पत्र्याचे असेल, तर भिंत थेट छपराला भिडली आहे, की माळ्यावर दोन्ही घरे एकच झाली आहेत?

दुसरा आवाज दणक्याचा. खलबत्त्यात कुटणे, खुर्ची ओढणे, जिन्यावरून धावणे. हा आवाज स्लॅबच्या आणि भिंतीच्या अंगातून येतो. जाड भिंतही त्याला पुरी पडत नाही.

परीक्षेला उपकरण लागत नाही. शेजाऱ्यांची परवानगी घेऊन त्यांच्याकडे नेहमीच्या आवाजात बातम्या लावा. आपली दारे-खिडक्या बंद करून ऐका. शब्द कळतात, नुसती गुणगुण येते, की काहीच ऐकू येत नाही? शब्द कळत असतील, तर तुमचेही शब्द पलीकडे कळणार! मग त्यांना खलबत्ता वाजवायला सांगा. हे सारे शांत वेळी करा. भर दुपारी रस्त्याच्या गोंगाटात भिंतीचे दोष झाकले जातात.

‘नंतर पडदे लावू, फोम चिकटवू,’ असे कोणी म्हणेल. त्याने आपल्या खोलीतले घुमणे कमी होईल, पण पलीकडचा आवाज फारसा अडणार नाही. त्याला वजनच हवे.

तेव्हा पुढच्या वेळी वडीलमाणसे घर पाहायला निघाली, की तुम्हीही बरोबर जा आणि पिशवीत खलबत्ता घ्यायला विसरू नका. मोठी माणसे हसतील. हसू द्या. शेजाऱ्यांशी भांडण होण्याआधी हसणे केव्हाही बरे!