आजार बाबांचा, निर्णय कुणाचा?

‘डॉक्टर, बाबांना यातलं काही सांगू नका हं.’ कॅन्सरच्या ओपीडीबाहेर हे वाक्य कुणी ना कुणी कुजबुजतच असतं. बोलणारा बहुतेकदा आपल्याच वयाचा. हे आपण प्रेमापोटी करतोय असं त्याला मनापासून वाटतं. मला त्यात प्रेमापेक्षा दुसऱ्याचा हक्क बळकावणं जास्त दिसतं. मल्टिपल मायलोमात तर ते धोक्याचंही आहे.

मायलोमा हा अस्थिमज्जेतल्या प्लाझ्मा पेशींचा कॅन्सर. हाडं ठिसूळ होतात, हिमोग्लोबिन उतरतं, किडनीवर ताण येतो. बहुतेकांचा तो पुरता बरा होत नाही; पण औषधांनी वर्षानुवर्षं आटोक्यात राहू शकतो. म्हणजे उपचार हा पेशंटच्या रोजच्या जगण्याचाच भाग होतो.

सुरुवातीलाच मोठा प्रश्न येतो. स्वतःच्याच मूळपेशी वापरून होणारं ट्रान्सप्लांट आत्ता करायचं, की पेशी साठवून ठेवून नंतर? २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘डिटर्मिनेशन’ या अमेरिकी चाचणीत लगेच ट्रान्सप्लांट केलेल्या गटातल्या निम्म्या पेशंटचा आजार सुमारे ६७ महिने आटोक्यात राहिला. आधी फक्त औषधं घेतलेल्या गटात ४६ महिने. पण पाच वर्षांनी किती जण हयात होते, यात दोन्ही गटांत फारसा फरक नव्हता. एकीकडे तीव्र केमो, काही आठवडे हॉस्पिटल, केस जाणं, इन्फेक्शनची भीती. दुसरीकडे आजार लवकर उलटण्याची शक्यता. यातलं काय पत्करायचं, ते कुठल्याच रिपोर्टमध्ये लिहिलेलं नसतं. तो हिशोब ज्याचा त्यानेच करायचा असतो.

आता लपवालपवीची किंमत बघा. बोर्टेझोमिबमुळे पायाला मुंग्या येऊ शकतात. वेळेवर सांगितलं तर डोस कमी करता येतो. उशीर झाला तर नसांची इजा कायमची राहू शकते. पाठ दुखते म्हणून मेडिकलमधून आणलेली डायक्लोफेनॅकची गोळी आधीच थकलेली किडनी बिघडवू शकते. ‘हाडांच्या अशक्तपणाचं औषध चालू आहे’ एवढंच ज्याला सांगितलंय, तो यातलं काय सांभाळणार?

शेत विकून उपचार करायचे का, हेही बाबांना न विचारता ठरतं. सातबारा मात्र त्यांच्याच नावावर असतो.

‘ते धसका घेतील’ हे ठरलेलं उत्तर. पण ‘टाटाला दाखवायला नेलंय’ याचा अर्थ महाराष्ट्रात कुणाला कळत नाही? बाबांना बहुधा कळलेलंच असतं. मग ते तुमच्यासमोर नाटक करतात, तुम्ही त्यांच्यासमोर. भीती तेवढीच राहते, फक्त ती एकट्याने सोसावी लागते.

कायदाही तुमच्या बाजूने नाही. भुलीखाली असलेल्या सज्ञान स्त्रीच्या शस्त्रक्रियेला तिच्या आईने दिलेली संमती सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली ग्राह्य धरली नव्हती. बाबा तर पूर्ण शुद्धीत आहेत.

काहींना खरंच ऐकायचं नसतं. तोही त्यांचा हक्क. पण तो कळण्यासाठी आधी विचारावं लागतं: ‘बाबा, तुम्हाला या आजाराबद्दल किती जाणून घ्यायचंय?’ ‘तूच बघ’ असं उत्तर आलं तर जरूर बघा. मात्र ते शब्द त्यांच्या तोंडून आलेले असू द्या.