भिंत पाडण्यापूर्वी ती मोजा

भारतीय हवामान खात्याचे मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्यास आले. पुढे ते दिल्लीस गेले, तरी शिवाजीनगरच्या त्या वास्तूला पुणेकर अजूनही ‘सिमला ऑफिस’च म्हणतात. तेथे हवेच्या उष्म्याची नोंद काटेकोरपणे होते. परंतु ज्या चार भिंतींत पुणेकर वैशाखातली रात्र तळमळत काढतो, त्या भिंतींतून किती उष्णता आत येते हे त्याला ठाऊक नसते.

हा प्रश्न आज निकडीचा झाला आहे तो पुनर्विकासामुळे. कोथरूड, एरंडवणे, सहकारनगर या भागांतील जुन्या गृहसंस्था एकामागून एक पाडल्या जात आहेत. वाढीव क्षेत्रफळ, वाहनतळ, नळ, फरशी यांवर सभासदांची महिनोन्महिने घासाघीस चालते. भिंतीविषयी अवाक्षर निघत नाही. जुन्या इमारतीची बाहेरची भिंत बहुधा नऊ इंची विटांची असते. नव्या उंच इमारतींत अनेक ठिकाणी ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेली, जेमतेम सहा इंचांची काँक्रीटची भिंत येते. आतबाहेरच्या तापमानात एका अंशाचा फरक असताना विटेच्या भिंतीच्या दर चौरस मीटरमधून सुमारे दोन वॅट उष्णता पार होते, काँक्रीटच्या भिंतीतून तीनहून अधिक. हलक्या, सच्छिद्र सिमेंट ठोकळ्यांच्या आठ इंची भिंतीतून मात्र एक वॅटहूनही कमी. म्हणजे पर्याय उपलब्ध आहे, तो मागितला जात नाही. मोठ्या सदनिकेचा आनंद मग उन्हाळ्यातल्या पहिल्या वीजबिलापर्यंतच टिकतो.

केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २०१८ साली ‘इको निवास संहिता’ प्रसिद्ध केली. भिंती व खिडक्यांतून घरात शिरणाऱ्या उष्णतेला तिने दर चौरस मीटरला १५ वॅटांची मर्यादा घातली. पाऊल स्वागतार्ह आहे. पण हा हिशेब आराखड्यावरून होतो आणि तोही ५०० चौरस मीटर वा त्याहून मोठ्या भूखंडांवरील नव्या इमारतींपुरता. ज्या घरांत माणसे आज राहत आहेत, त्यांच्या भिंतींना कोणी हात लावलेला नाही. वातानुकूलन यंत्रावर तारे छापले जातात, भिंतीवर नाहीत!

मोजणी अशक्य नाही. भिंतीच्या आतल्या बाजूस उष्णताप्रवाह मोजणारी छोटी चकती चिकटवायची, आतबाहेर तापमापक लावायचे आणि किमान तीन अहोरात्र नोंद घ्यायची. ही रीत थंड देशांत रुळली, कारण तेथे हिवाळ्यात घर ऊबदार व बाहेर गारठा. उष्णतेची दिशा एकच. पुण्यात ती दुपारी आत येते, पहाटे बाहेर जाते. पश्चिमेच्या भिंतीने प्यायलेले ऊन तर कित्येक तासांनी, ऐन निजण्याच्या वेळी खोलीत उतरते. तासाभराच्या चाचणीचा आकडा म्हणूनच फसवा ठरतो. परकी पद्धत जशीच्या तशी उचलून चालणार नाही. ऊन न लागणारी उत्तरेची भिंत निवडावी, खोली सलग गार राखावी, मगच आकड्यावर विसंबावे.

वाड्यांच्या जाड भिंतींचे गोडवे पुण्यात पुष्कळ गायले जातात. ते खोटे नाहीत. पण अभिमानाने करारातले कलम लिहिता येत नाही, त्याला आकडा लागतो. १८५४ पासून अभियांत्रिकी शिकवणाऱ्या या शहरात असे काम करणारे विद्यार्थी व अध्यापक मिळू नयेत, हे संभवत नाही. जुन्या भिंतीचा आकडा हाती असेल, तर नव्या भिंतीचा त्याहून अधिक नसावा, असे कलम गृहसंस्थेला विकासकाकडून लिहून घेता येईल. आणि ताबा घेण्यापूर्वी त्याच चकतीने ते पडताळताही येईल.