डाव्या पायाचा दांडा

माणूस मोटारसायकलवरून पडला की प्रथम काय करतो? हातपाय चाचपून पाहतो, असे तुम्हांला वाटत असेल. साफ चूक. तो आधी आपल्याला पडताना कोणी पाहिले का, ते पाहतो. हाडे मोडली की नाही, हा प्रश्न त्यानंतरचा.

मला दोन शाळकरी मुलींनी पाहिले. भाद्रपदातली सर नुकतीच येऊन गेली होती. साताऱ्यात आमच्या गल्लीकडे वळणारा चढ आहे. तिथे पाण्याच्या नळासाठी खणलेला चर बुजवून त्यावर तांबडी माती लोटून ठेवलेली. मी कॉलेजातून येत होतो, दुसऱ्या गिअरमध्ये, बैलगाडीच्या वेगाने. पुढचे चाक सरकले आणि अस्मादिक डाव्या कुशीवर. "काका, लागलं का हो?" एकीने विचारले. "छे, छे!" असे म्हणून मी जणू मुद्दामच आडवा झालो होतो अशा थाटात उठलो.

मला खरोखरच काही झाले नव्हते. डाव्या बुटाचे कातडे तेवढे चवड्यापाशी सोलवटले होते. पण गिअरचा दांडा आत वाकून इंजिनच्या कव्हराला असा चिकटला होता की, वरून पाय घालायला फट नाही आणि टाचेने दाबावे तर तो जागचा हलत नाही. गाडी दुसऱ्या गिअरमध्येच अडकलेली. क्लच मुठीत आवळून, गाडी ढकलीत मी तो चढ चढलो. साहित्यात ज्याला शोकात्म विनोद म्हणतात, तो वर्गात शिकवायला मला हल्ली उदाहरण शोधावे लागत नाही.

खरी गोष्ट पुढेच आहे. सकाळीच सौभाग्यवतींनी बजावले होते, "अहो, आभाळ आलंय. रिक्षानं जा. चाळिशी उलटली आता." त्यावर मी, वीस वर्षे गाडी चालवतो आहे वगैरे भाषण केले होते. ते भाषण ताजे असताना चिखलाची कथा कोण सांगणार? मी गाडी मोठ्या स्टँडवर, डावी बाजू भिंतीकडे करून उभी केली, बूट माळ्यावर टाकला आणि कपडे बदलून उत्तरपत्रिका घेऊन बसलो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चिरंजीवांनी गाडी काढली आणि तिथूनच ओरडले, "गिअर पडत नाही!" आई बाहेर गेली. वाकलेला दांडा पाहून तिने जो निकाल द्यायचा तो दिला. घरात एकोणीस वर्षांचा मुलगा आणि मराठीचा प्राध्यापक असताना कोणीही दुसरा निकाल दिला नसता. "मी नाही पाडली," तो म्हणाला. "मग काय आपोआप वाकला?" रविवारी त्याला मित्रांबरोबर कासच्या पठारावर फुले पाहायला जायचे होते. ते रद्द झाले. त्याने खिडकीतून एकदा माझ्याकडे पाहिले. मी एका विद्यार्थ्याचे अर्धा गुण वाढवीत होतो.

रविवारी गॅरेज बंद. मित्र कासला गेलेले. चिरंजीव अंगणात बसून दांडा काढू लागले आणि मी मदतीला गेलो. मदत म्हणजे काय, मी हातोडी घेतली. "बाबा, ठोकू नका! आतला शाफ्ट वाकेल, नाहीतर ऑइल सील जाईल. दांडा वाकला म्हणून तर शाफ्ट वाचलाय." मग मी दहाचा पाना लावून बोल्ट सैल केला आणि दोन्ही हातांनी दांडा ओढू लागलो. तो तसूभर हलेना. "सैल करून नाही निघायचा. बोल्ट सगळा बाहेर काढा."

त्याचे म्हणणे बरोबर होते. शाफ्टच्या टोकाला बारीक दाते असतात, दांड्याच्या भोकातही तसेच. शिवाय शाफ्टवर एक आडवी चर असते आणि बोल्ट तिच्यातून जातो. बोल्ट थोडा जरी आत राहिला, तरी तो अडसरासारखा दांडा धरून ठेवतो. तो पूर्ण काढला, फट स्क्रूड्रायव्हरने जराशी उघडली, आणि दांडा अलगद हातात आला.

दुकानात मी "गिअरचा दांडा" मागितला. "नुसता पुढचा, का टाचेचा?" दुकानदाराने विचारले. ओरिजनल ३२०, लोकल १८०. मी ओरिजनल घेतला. अपराधी माणसाला घासाघीस सुचत नाही.

लहानपणी मामांकडे येझदी होती. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्याची; तो कारखाना १९९६ साली बंद पडला. तिची किक आणि गिअर यांना मिळून एकच दांडा. आत दाबून वर फिरवला की किक, खाली सोडला की गिअर. ती डाव्या अंगावर पडली म्हणजे दोन्ही गेले. त्या काळच्या बुलेटचा गिअर उजव्या पायाशी. ती डावीकडे पडली तर ब्रेकचा दांडा वाकायचा. कोणत्या अंगावर पडावे हे गाडी पाहून ठरवणे भाग होते.

असो. नवा दांडा दात्यांवर चढवण्यापूर्वी चिरंजीवांनी शाफ्ट ब्रशने घासून स्वच्छ केला. मग म्हणाले, "बाबा, गाडीवर बसा. पाय ठेवा. एक दाता इकडेतिकडे झाला तरी घोटा दुखतो. तुमच्या पायाच्या मापानं बसवू."

मी चप्पल घातलेला पाय ठेवला.

"चपलेनं माप नाही येणार," तो पान्याकडे पाहत म्हणाला. "नेहमीचा बूट घाला. माळ्यावर आहे."

मी बूट आणला. त्याने त्याच्या सोलवटलेल्या चवड्याखाली दांडा धरला, बोल्ट चरीतून घातला आणि आवळला. बाकी एक शब्द नाही.

मी तसाच बूट घालून स्वयंपाकघरात गेलो आणि सगळे सांगितले. ती बुटाकडे पाहत राहिली. "लागलं नाही ना?" एवढे विचारले. मग चहाखालचा गॅस बंद करून म्हणाली, "त्याला मी नको नको ते बोलले. ते आता परत कसं घेऊ?" याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. ती अंगणात गेली. काय बोलली ते मला ऐकू आले नाही.

पुढच्या रविवारी बापलेक कासला गेलो. तो पुढे, मी मागे. धुके इतके होते की, फुले पायाशी आल्यावर दिसत. परतताना घाटात मी गाडी मागितली. त्याने मुकाट्याने दिली. गिअर बदलताना जाणवले, दांडा एक दाता वर बसला आहे. सुधारायचा तर बोल्ट पुन्हा पूर्ण काढावा लागेल. दिवाळीच्या सुट्टीत पाहू.